आजोबांचं क्रूड इंजिन आणि पाटी नसलेलं वर्कशॉप

तक्रार आधी सांगून टाकते, म्हणजे मग मोकळेपणाने कौतुक करता येईल. आजोबांचं जुनं इंजिन दुरुस्तीला घेताना मेस्त्रींनी मला "गणपतीक देतंय" असं सांगितलं होतं. इंजिन घरी आलं पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात. मधल्या काळात गणपती येऊन गेले, दिवाळी झाली, शिमग्याचं रोंबाट दारावरून गेलं, आणि दर पंधरा दिवसांनी फोन केला की पलीकडून तेच उत्तर, "ताई, घाय करू नकात." मी ३१ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. उशिरा आलेल्या प्रयोगवहीला कधी पूर्ण मार्क दिले नाहीत, तेव्हा इथेही नाही. दहापैकी साडेसात. अडीच कुठे कापले ते ओघात येईलच.

देवगड तालुक्यातल्या पडेल कँटीन नाक्यावरून विजयदुर्गाच्या रस्त्याला लागलात की खाडीच्या अंगाला एक कच्चा उतार जातो. पाटी नाही. का नाही म्हणून विचारलं, तर म्हणाले, पाटी लावली की लोक स्कूटर घेऊन येतात. खूण एकच: माडाला टेकवून ठेवलेलं, छातीपर्यंत येणारं गंजकं फ्लायव्हील. त्याच्या आऱ्यांतून आता कसलासा वेल चढलाय. आत चिऱ्याच्या तीन भिंती, वर सिमेंटचे पत्रे, चौथी बाजू खाडीकडे उघडी. पट्ट्यावर चालणारा जुना लेथ, भाता लावलेली भट्टी, आणि भिंतीच्या कडेने उभी पंधरा-सोळा इंजिनं. निम्मी दुरुस्तीला आलेली, निम्मी परत न्यायला कुणी आलंच नाही अशी. मेस्त्री सत्तरीच्या पुढचे. उमेदवारी मुंबईच्या गोदीत, मग बरीच वर्षं ट्रॉलरांवर. जवळच गिर्ये गावात मराठ्यांच्या आरमाराची जुनी गोदी आहे. तिथे गलबतं दुरुस्त व्हायची तेव्हा इंजिनाचं नावही नव्हतं. मेस्त्री मात्र ती गोदी आपल्याच धंद्यातली थोरली शाखा असल्यासारखी दाखवतात.

आता माझं काम काय होतं ते. आजोबांची भाताची गिरण होती. ती चालवणारं इंजिन गिरण बंद पडल्यापासून मागच्या खोपीत पडून होतं, वर गवताचे भारे रचलेले. आम्ही त्याला नुसतं 'क्रूड' म्हणायचो, क्रूड ऑइलवर चालायचं म्हणून. नावाची पितळी पट्टी कधीच कुणीतरी काढून नेलेली. आडवा सिलिंडर, एकच. दोन्ही बाजूंना दोन फ्लायव्हीलं. आणि पुढे, जिथे आपल्याला नोझल आणि व्हॉल्व्ह दिसायची सवय असते तिथे, बिडाचा एक उलट्या घागरीसारखा गोळा. लहानपणी मला वाटायचं, ते इंजिनाचं डोकं आहे. वाटणं चुकीचं नव्हतं.

सकाळी गिरण सुरू करायची म्हणजे त्या डोक्याखाली ब्लोलॅम्प लावायचा. तो फरफरत राहायचा दहा-पंधरा मिनिटं, कधी वीस. बाहेर बायका भाताचे हारे घेऊन बसलेल्या, गप्पा चाललेल्या. गोळा नीट तापला की आजोबा फ्लायव्हीलला हात घालून ते इकडून तिकडे झुलवायचे, आणि एका क्षणी 'फट्' होऊन चाक हिसडा मारून सुटायचं. मग दिवसभर पुक्... पुक्... पुक्. तो आवाज खाडीपलीकडे जायचा. पलीकडची माणसं तो ऐकूनच तरीवर बसायची, गिरण चालू आहे हे कळायला दुसरी सोय नव्हती.

मी हे पहिल्यांदा मेस्त्रींना सांगितलं तेव्हा ते इंजिनाच्या डोक्यावर टिचक्या मारत होते. आवाज बद्द आला. "ह्या मेलेला नाय," म्हणाले, "निजलेला असा. पण डोक्या फुटलेला असा." गोळ्याला भेग होती, केसाएवढी, पण आरपार.

इथे थोडं शिकवते, सवय जात नाही. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबतात, पंधरा-वीस पट, की ती दाबानेच तापते आणि तेल फवारलं की पेटतं. आमच्या क्रूडमध्ये दाब कमी, जेमतेम तीन ते पाच पट. तेवढ्यात हवा पुरेशी तापत नाही. म्हणून पेटवायचं काम त्या लालबुंद गोळ्याकडे. तेल त्याच्या आतल्या भिंतीवर पडतं, वाफ होते, पेटते, पिस्टन ढकलते. एकदा सुरू झालं की स्फोटांचीच ऊब गोळ्याला पुरते, ब्लोलॅम्प काढून घ्यायचा. ही कल्पना हर्बर्ट अॅक्रॉइड स्टुअर्ट या इंग्रजाची, पेटंट १८९० चं, आणि ग्रँथमच्या हॉर्न्सबी कारखान्याने ती इंजिनं बाजारात आणली. रुडॉल्फ डिझेलचं इंजिन नीट चालायला १८९७ उजाडलं. म्हणजे जड तेलावर चालणारं, ठिणगीवाचूनचं इंजिन डिझेलच्या आधी गिऱ्हाइकांच्या हातात होतं. पाठ्यपुस्तकात मात्र एकच नाव आलं. मीही ३१ वर्षं तेच एक नाव फळ्यावर लिहिलं, आणि याची मला मेस्त्रींच्या शेडमध्ये उभं राहून जरा लाज वाटली.

दाब कमी म्हणून या इंजिनाला फार बारीक कारागिरी लागत नाही. रिंगा थोड्या झिजल्या तरी चालतं, तेल गाळलेलं नसलं तरी चालतं. स्वीडन-नॉर्वेच्या कोळ्यांनी हीच इंजिनं आपल्या बोटींत कितीतरी वर्षं सांभाळली, स्वीडनचं बोलिंडर त्यात नावाजलेलं. जर्मनीत लान्झ कंपनीचा 'बुलडॉग' ट्रॅक्टर १९२१ पासून याच जातीचा. त्याच्या पुढच्या काही मॉडेलांत स्टिअरिंग काढून, दांडीसकट फ्लायव्हीलमध्ये खोचून, त्यानेच इंजिन फिरवायचं. गाडी सुरू करायला गाडीचं चाकच उपसून काढायचं, ही गोष्ट मेस्त्रींना अतिशय आवडली. मी सांगितल्यापासून ते ती येणाऱ्या प्रत्येकाला स्वतःची म्हणून सांगतात.

दुरुस्तीबद्दल. पहिला महिना त्यांनी काहीच केलं नाही. मला राग आला होता, नंतर कळलं की काहीच नाही असं नव्हतं: रोज थोडं रॉकेल आणि डिझेल सिलिंडरमध्ये सोडून ते अडकलेला पिस्टन मऊ करत होते. घण मारला असता तर दहा मिनिटांत सुटला असता, सिलिंडरसकट. पिस्टन सुटला एका रात्री आपोआप, फ्लायव्हीलच्या वजनाने. मेस्त्री म्हणतात त्यांना घरात आवाज आला.

बेअरिंगं व्हाइट मेटलची. तयार मिळत नाहीत. त्यांनी जुनी वितळवून, दिव्याची काजळी धरलेल्या दांड्याभोवती माझ्या डोळ्यांसमोर ओतली, आणि मग दोन दिवस निळा रंग लावून, फिरवून, जिथे रंग घासला गेला तिथे खरवडून बसवली. हे काम बघायला मी दोन्ही दिवस स्टूल टाकून बसले होते. पिस्टनच्या रिंगा बिडाच्या नळीतून लेथवर कापल्या. माझ्या माहितीत देवगड तालुक्यात असं काम करणारा दुसरा माणूस नाही. या कामाला दहापैकी दहा, आणि शाळेत मी कुणालाच दहा दिलेले नाहीत.

उशीर झाला तो डोक्याने. नवीन गोळा ओतायचा म्हणजे आधी लाकडी नमुना, तो गावातल्या सुताराने फणसाच्या लाकडात सुरेख केला. ओतकाम कोल्हापूरला. पहिला गोळा आला तो आत बुडबुड्यांनी पोखरलेला, पाण्यात धरला तर बाजूने फेस. परत पाठवला. तोवर पाऊस धरला, फोंडा घाटात दरड आली, ट्रकवाल्याने गोळा दाजीपूरच्या अलीकडे कुठेतरी उतरवून ठेवला आणि विसरला. दुसरा चांगला निघाला. पण मेस्त्रींनी या सगळ्यातलं मला काहीही कळवलं नाही. "तुमका सांगून गोळो लवकर येतलो होतो?" असं विचारलं, आणि मला उत्तर सुचलं नाही. तरी एक मार्क इथे कापला. गिऱ्हाइकाला कळवायला काय जातं?

खर्च ४६ हजार. त्यातले दहा आधी. बिल कॅलेंडरच्या पानामागे पेन्सिलीने, हिशोब मात्र पै-पैचा, "फणसाचा लाकूड, तुमचाच, ०" असंसुद्धा लिहिलेलं.

बाकीच्या इंजिनांबद्दल लिहिलं नाही तर ही माहिती अर्धीच. रविवारी दुपारी काम बंद असतं, तेव्हा मेस्त्री मूडमध्ये असले तर ओळीतली एकेक गोष्ट चालवून दाखवतात. पैसे घेत नाहीत. मुलांना घेऊन जायचं असेल तर हीच वेळ.

मला सर्वांत आवडला तो रॉकेलवर चालणारा टेबलफॅन. राजापूरकडच्या कुठल्याशा जुन्या घराच्या माळ्यावरून आलेला. खाली दिवा, वर पाती, मध्ये दोन पितळी नळकांडी. वीज नाही, स्फोट नाही, धूर नाही, व्हॉल्व्ह तर नाहीच. आत कोंडलेली हवा एका टोकाला तापते, फुगते, दुसऱ्या टोकाला थंड होते, आकसते, आणि तेवढ्यावर पंखा फिरतो. वीज नसलेल्या काळात उन्हाळ्यासाठी असले पंखे विकले जायचे. तत्त्व स्टर्लिंग इंजिनाचं. रॉबर्ट स्टर्लिंग हा स्कॉटलंडमधला पाद्री, पेटंट १८१६ चं. त्याची खरी हुशारी म्हणजे गरम हवा थंड बाजूला जाताना तिची उष्णता मध्येच एका जाळीत ठेवून घ्यायची आणि परत येताना तिलाच द्यायची. उष्णतेपासून काम किती मिळतं हे मांडणाऱ्या कार्नोचं पुस्तक यायला अजून आठ वर्षं होती. म्हणजे उष्णता आणि काम यांचं शास्त्र जगात नव्हतं तेव्हा एका पाद्रीबुवांनी ते बिडात ओतून ठेवलं होतं. असं इंजिन मागे का पडलं? तापायला वेळ लागतो, आणि वेग पटकन कमी-जास्त करता येत नाही. पण संपलं म्हणावं तर स्वीडनच्या गॉटलंड पाणबुड्या १९९६ पासून पाण्याखाली स्टर्लिंगवरच चालतात, कारण आवाज होत नाही. मेस्त्रींच्या पंख्याचा वारा मे महिन्याच्या घामापुढे काहीच नव्हता. दिव्याची ऊब उलट तोंडावर. तरी मी अर्धा तास त्याच्यासमोर बसले.

एका कोपऱ्यात डिझेलवर चालणारी बुलेट आहे. तरुण मुलांना हे खरंच वाटत नाही. रॉयल एनफिल्डची 'टॉरस', ३२५ सीसीचं लोंबार्डिनी इंजिन, अश्वशक्ती साडेसहा. एक मासेवाला ती मागे बर्फाच्या दोन पेट्या बांधून चालवायचा. वेग ६५ च्या वर जायचा नाही, पण पेट्रोलच्या मानाने खर्च नगण्य. सुरू झाली की चिऱ्याची भिंत थरथरते, फळीवरचे नट-बोल्ट चालायला लागतात. मेस्त्रींनी मला मागे बसवून खाडीपर्यंत नेलं. उतरल्यावर माझे दात जागच्या जागी आहेत का ते जिभेने तपासलं. या इंजिनाला विसरलं गेलं त्याबद्दल माझी कुणाविषयी तक्रार नाही.

जी इंजिनं हाताशी नाहीत त्यांची त्यांनी मॉडेलं केली आहेत. डालड्याच्या डब्यांच्या पत्र्यातून सात सिलिंडरचं एक गोल इंजिन केलंय. दांडा फिरवायला गेले, तर मेस्त्री हसले. दांडा फिरतच नाही. तो पक्का बसवलेला, आणि त्याच्याभोवती अख्खं इंजिन फिरतं, सिलिंडरांसकट, पंख्यासकट. फ्रान्समधल्या सेगँ बंधूंचं 'नोम', १९०९ च्या सुमारास विमानांवर आलं. फिरणाऱ्या सिलिंडरांना वारा आपोआप मिळतो, म्हणून पाणी नको, रेडिएटर नको, वजन कमी. पहिल्या महायुद्धात कितीतरी विमानं असल्या इंजिनांवर उडाली. पण इंधन क्रँककेसमधून, म्हणजे इंजिनाच्या मधल्या पेटीतून जायचं, म्हणून वंगण असं हवं की जे पेट्रोलमध्ये विरघळणार नाही. ते म्हणजे एरंडेल! आणि ते परत टाकीत येत नव्हतं, सिलिंडरांतून धुराबरोबर थेट वैमानिकाच्या तोंडावर. पुढचं मेस्त्रींच्या शब्दांत: "पायलटांका एरंडेल, मगे लढाई खय करतले?" शिवाय एवढं जड चाक नाकाशी गरगरत असलं की विमान एका बाजूला झटकन वळतं आणि दुसऱ्या बाजूला वळताना रुसतं. भोवरा हातात धरून कोन बदलायला गेलं की मनगटाला जे जाणवतं, तेच. आकार वाढवावा तर हा त्रासही वाढत जातो, म्हणून युद्ध संपलं तशी ही जात संपली.

दुसरं मॉडेल लाकडी त्रिकोणाचं. नेपियर 'डेल्टिक': त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांत तीन क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टन फिरवतात ते दांडे, तीन बाजूंना सिलिंडर, आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये समोरासमोर धावणारे दोन पिस्टन. झाकण म्हणून नाहीच, दोन पिस्टन एकमेकांचं झाकण. तीन शाफ्टपैकी एक उलटा फिरवावा लागतो, नाहीतर पिस्टनांचा मेळ बसत नाही. मॉडेलमध्ये तो लाल रंगवलाय. ब्रिटिश रेल्वेने १९६१-६२ मध्ये असल्या इंजिनांची २२ लोकोमोटिव्हं घेतली, प्रत्येकी ३३०० अश्वशक्तीची, लंडन-एडिंबरा मार्गावर. ताकद अफाट, आवाज म्हणे अंगावर काटा आणणारा. पण काही बिघडलं की जागेवर दुरुस्ती कठीण, इंजिन अख्खं उचलून कारखान्यात.

इथे मेस्त्रींचं आणि माझं वाजलं. त्यांचा नियम सरळ आहे: "जा इंजिन गावातलो माणूस खोलता नि परत जोडता, ताच खरा." बाकी सगळी शहरातली थेरं. या न्यायाने व्हँकेलचं इंजिन तर त्यांच्या दारात उभं राहायलाच लायक नाही. मी मुद्दाम तो विषय काढला. पिस्टन वर-खाली न होता तिकोनी रोटर गोल फिरतो, हे मला कायम देखणं वाटत आलंय, आणि दर वर्षी नववीला मी ते पुठ्ठ्यातून करून दाखवत असे. जर्मनीच्या एनएसयू कंपनीने १९६७ मध्ये 'आरओ ८०' मोटार त्यावर काढली, आणि त्रिकोणाच्या टोकांची सीलं झिजायला लागल्यावर इंजिनं बदलून देता देता कंपनी घायकुतीला आली. पण जपानच्या माझदाने तीच सीलं चिकाटीने सुधारली आणि १९९१ ची ल मान्सची चोवीस तासांची शर्यत रोटरी इंजिनावर जिंकली. मी म्हटलं, मेस्त्री, गावात खोलता येत नाही म्हणून वाईट ठरवलं असतं तर हे झालंच नसतं. ते म्हणाले, शर्यत संपल्यावर ती गाडी भाताच्या गिरणीवर चालली काय? आमचं एकमत झालं नाही. चहा मात्र झाला. घावणेही, कारण तोवर वहिनींनी तवा ठेवला होता.

तिथे विकत मिळते ती एकच वस्तू, पत्र्याची फटफट बोट. जत्रेत मिळते तीच, कुणकेश्वराच्या जत्रेत मी लहानपणी हट्ट करून घेतलेली, पण इथली मेस्त्री स्वतः करतात. किंमत १५० रुपये. मी दोन घेतल्या. एकीचा डाग सुटलेला निघाला, बदलून दिली, तोंड न वाकडं करता. कडा मात्र कानस न मारता सोडलेल्या आहेत, लहान मुलाचा हात कापेल. अर्धा मार्क. खाऱ्या पाण्यात चालवलीत तर नंतर गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर आठ दिवसांत तळाला गंज.

ही खेळणी म्हणून हसण्यावारी नेऊ नका. फिरणारा, सरकणारा असा एकही भाग नसलेलं हे इंजिन आहे. चपटी डबी, तिच्यातून मागे निघणाऱ्या दोन नळ्या, खाली वात. डबीतलं पाणी उकळतं, वाफ नळ्यांतलं पाणी मागे फेकते, बोट पुढे. वाफ नळीच्या थंड भागात पोचली की विरते, पोकळी होते, पाणी परत आत. डबीचा पातळ पत्रा आत-बाहेर होतो तो फटफट आवाज. मग पाणी आत येताना बोट तेवढीच मागे का येत नाही? पाणी बाहेर पडतं ते सरळ रेषेत, एका धारेत. आत येतं ते चहूबाजूंनी. तोंडाने मेणबत्ती फुंकून विझवता येते, श्वास आत ओढून विझवून दाखवा. हा प्रश्न मी वर्गात विचारला की पहिल्या बाकावरची मुलं गप्प आणि शेवटच्या बाकावरून कुणीतरी बरोबर सांगायचं. पेटंट तोमा प्यो याचं, १८९१ चं.

आणि हेच मोठं करता येतं का? एकाने वेगळ्या वाटेने केलं. इंग्लंडात हम्फ्री नावाच्या इंजिनिअरने पंप बनवला त्यात पिस्टनच नव्हता: नळीत गॅसचा स्फोट, आणि तो थेट पाण्यालाच ढकलतो. पाण्याचा खांबच झोके घेत पुढचा घोट आत ओढतो. लंडनजवळच्या चिंगफर्डच्या जलाशयावर १९१३ मध्ये असले पंप बसले. मेस्त्रींना हे माहीत नव्हतं. मी कागदावर काढून दाखवलं. त्यांनी तो कागद घडी करून बंडीच्या खिशात ठेवला, काही बोलले नाहीत. त्यांच्या बाबतीत ही फार मोठी गोष्ट आहे.

आता माझ्या इंजिनाचा पहिला दिवस. मे महिना, अंगणात सगळी वाडी. रेशनवर रॉकेल बंद झाल्यापासून ब्लोलॅम्पला रॉकेल मिळत नाही, म्हणून मेस्त्रींनी वेल्डिंगवाल्यांची गॅसची बत्ती आणली होती. मला ते जरा खटकलं, पण गोळा सहा मिनिटांत लाल झाला, तेव्हा गप्प बसले. "डोक्या तापाक व्हया, ताई. थंड डोक्याचा काम नाय ह्या." टाकीत निम्मं डिझेल आणि निम्मं गाळलेलं उंडीचं तेल. ही माझी कल्पना. आमच्याकडे उंडीचं तेल पूर्वी दिव्याला आणि होड्यांना लावायला वापरत, आणि १९०० च्या पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेलचं इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. मग आम्ही का मागे राहायचं?

मेस्त्रींनी चाक झुलवलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा फट्. पुक्. पुक्. आत्तीने डोळ्यांना पदर लावला. मग माझ्या लक्षात आलं की चाक उलटं फिरतंय. या टू-स्ट्रोक जातीची ही खोड: सुटताना जो हिसडा बसेल त्या दिशेने चालत सुटतं, त्याला सुलट-उलट एकच. लान्झवाल्या जर्मन शेतकऱ्यांना ट्रॅक्टर मागे घ्यायला याचा उपयोग व्हायचा. आमच्या आजोबांना एकदा हलर, म्हणजे भात सडायचं यंत्र, उलटा फिरल्यामुळे अर्धा मण भात परत वेचावं लागलं होतं. मी ओरडले, मेस्त्री, उलटं! ते शांत. "इंजिन चुकीचा फिरणा नाय, माणूस चुकीच्या बाजूक उभो ऱ्हवता." मग तेल कमी करून, इंजिन मरायला टेकलं की ऐन वेळी जास्त सोडून, त्यांनी ते चालू असतानाच सुलट केलं. ही युक्ती जुन्या बोटींवरचे लोक मागे जायला वापरायचे. मी आधी फक्त ऐकली होती.

पण त्या खटाटोपात सायलेन्सरच्या नळीतून साठवलेली सगळी काजळी एकदम बाहेर पडली, काळीभोर, मोठ्ठी, आणि वाऱ्याने शेजारच्या अंगणात गेली. तिथे आंब्याची साठं वाळत होती. बारा ताटं. शेजारीण पुढे तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी आमच्या पेटीतले हापूस दिले, आणि साठं परत घालायला स्वतः जाऊन बसले. नळी आतून साफ करून द्यायला हवी होती, हे मेस्त्रींनाही मान्य आहे. पाऊण मार्क तिथे. उरलेला पाव शौचालयाचा: वर्कशॉपवर बायकांसाठी सोय नाही, वहिनींच्या घरी जावं लागतं, चढ आहे.

जायचं असेल तर: फोन लागत नाही, लागला तर उचलत नाहीत. रविवारी तीननंतर सरळ जा. अमावास्येला काम करत नाहीत. बोटीचं आउटबोर्ड किंवा ज्यात कंप्युटर आहे असं काहीही नेऊ नका, हात लावणार नाहीत आणि वर ऐकवतील. शेतातलं लिस्टर पद्धतीचं इंजिन नक्की न्या. १९२९ च्या सुमारास डर्सलीच्या लिस्टर कंपनीने थंडच सुरू होणारं ते संथ इंजिन काढलं आणि आमच्या क्रूडसारख्यांची गरजच संपवली. राजकोटला त्याच्या नकला बनत आल्या आहेत, तेव्हा सुटे भाग मिळतात आणि ते काम मेस्त्री खरोखर आठवड्यात देतात. किंमत आधी ठरवा, आगाऊ रक्कम चौथ्या हिश्शापेक्षा जास्त देऊ नका. गोड काहीतरी घेऊन जा, पण डॉक्टरांनी बंद केलंय म्हणून वहिनींच्या नजरेआड द्या.

माझं क्रूड आता दर शनिवारी संध्याकाळी दहा मिनिटं चालवते, साठं आत आणल्याचं शेजारणीला विचारून. उंडीच्या तेलाचा वास घरभर राहतो, तो कुणाला आवडत नाही. खाडीपलीकडून एका म्हाताऱ्या गृहस्थांनी निरोप पाठवला, गिरण परत सुरू केलीत का, भात आणू का. म्हणून हलरही मेस्त्रींकडे नेऊन टाकलाय. "गणपतीक देतंय," म्हणाले. या वेळी मी कुठल्या वर्षीच्या ते लिहून घेतलंय.